परत येण्याची शक्यता

"ऋजू, रंगांची पेटी मागवून अर्धा तास झाला," आई फोनवर म्हणाली. "स्क्रीनवर नुसतं 'येत आहे, येत आहे' चाललंय. एवढ्यात मी बालेवाडीला जाऊन नवे रंग घेऊन आले असते."

"आई, रविवारची सकाळ आहे. सगळेच काही ना काही मागवतात."

"मग सगळ्यांना सांग, मागवू नका म्हणून. तुझंच खातं आहे ना ते?"

मागून बाबांचा आवाज आला, "तिला सांग, माझी कानटोपीची पेटीपण अडकलीय." "तुम्हाला ऑक्टोबरात कानटोपी कशाला हवी?" असं आईने त्यांना विचारलं आणि ऋजुताला काहीही न सांगता फोन ठेवून दिला.

ऋजुताने डोक्याला हात लावला. खातं तिचंच होतं, हे खरं होतं. म्हाळुंग्याच्या 'विस्तार' संकुलातलं कोठार जी कंपनी चालवायची, त्या कंपनीत ती काम करायची, आणि कोठारातून तासाला जास्तीत जास्त पेट्या कशा बाहेर काढता येतील हे पाहणं, एवढंच तिचं काम होतं. त्यामुळे तीन हजार घरांच्या तक्रारी शेवटी तिच्यापर्यंत यायच्या. दोन हजार नऊशे नव्व्याण्णव घरं निदान नंबर लावून, संगणकामार्फत तक्रार करायची. तिचे आईबाबा थेट फोन करायचे.

नाव 'विस्तार' असलं तरी घरं इवलीशी होती. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि एकही कपाट नाही. बिल्डरने जाहिरातच तशी केली होती: घरात फक्त माणसं, सामान कोठारात. सहा टॉवरांच्या मधोमध बिनखिडक्यांची एक उंच इमारत उभी होती, ते कोठार. प्रत्येक घराला साठ पेट्या मिळायच्या. रजया, कढया, पुस्तकं, लग्नाचे अल्बम, सगळं त्या पेट्यांत. हवी ती पेटी फोनवरून मागवायची, की ती जमिनीखालच्या पट्ट्यावरून टॉवरमध्ये येऊन स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या खिडकीत हजर व्हायची. काम झालं की तिथेच ठेवून झडप लावायची. धनकवडीचं जुनं घर विकून आईबाबांना इथे यायला ऋजुतानेच लावलं होतं. ती स्वतः शेजारच्या टॉवरमध्ये एकटी राहायची. म्हातारपणी दोघं जवळ असावीत, लिफ्ट असावी, दवाखाना खालीच असावा, असा तिचा विचार होता.

त्या विचारात रंगांची पेटी कुठेच नव्हती.

*

कोठाराचं दुखणं असं होतं. प्रत्येक मजल्यावर शटल होत्या, म्हणजे रुळांवरून पळणाऱ्या चपट्या गाड्या. त्या पेटीखाली शिरायच्या, तिला पाठीवर उचलायच्या आणि मजल्याच्या टोकाला आणून सोडायच्या. त्या भरपूर होत्या आणि वेगवानही. पण मजल्यावरून खाली पट्ट्यापर्यंत पेटी आणायला लिफ्ट होत्या मोजक्याच. शटल कितीही पळाल्या तरी शेवटी लिफ्टसमोर येऊन ताटकळायच्या. वर आणखी, जागा वाचावी म्हणून एका खणात एकामागे एक अशा पाच पेट्या ठेवलेल्या. तुमची पेटी नेमकी पाचवी निघाली, तर पुढच्या चार आधी दुसरीकडे हलवायच्या. नवीन लिफ्ट बसवता येत नव्हती, इमारत बांधून झाली होती. राहता राहिली मांडणी. कुठली पेटी कुठे ठेवायची आणि कुठल्या क्रमाने काढायची, एवढंच ऋजुताच्या हातात होतं.

पहिली सुधारणा सोपी होती. लिफ्टने रिकामं जायचं नाही. वर जाताना कोणाची तरी परत आलेली पेटी न्यायची, खाली येताना कोणाची तरी मागितलेली आणायची. त्यासाठी रांगेचा क्रम थोडा मोडावा लागे. पण नुसत्या सोयीच्या जोड्या लावत बसलं तर आडबाजूची पेटी दिवसभर लटकली असती, म्हणून ज्याची वाट पाहणं लांबेल त्याचा नंबर वर सरकत जाईल, अशी तिने तजवीज केली.

दुसरी सुधारणा म्हणजे, ज्या पेट्या एकापाठोपाठ मागितल्या जातात त्या शेजारी शेजारी ठेवायच्या. पुरणयंत्र आणि परात, छत्री आणि रेनकोट. पेटीत काय आहे हे कोठाराच्या संगणक-प्रणालीला कळत नव्हतं, तशी गरजही नव्हती. कुठल्या क्रमांकामागून कुठला क्रमांक मागवला जातो, आणि पेटी जाताना किती वजनाची होती, येताना किती, एवढं तिला पुरत असे.

तिसऱ्या सुधारणेवर ऋजुताची दोन वर्षं गेली होती. दुपारी कोठार निवांत असतं, त्या वेळात पुढच्या मागण्या ओळखून पेट्या आधीच हलवून ठेवायच्या. त्यासाठी प्रणाली प्रत्येक पेटीला तीन आकडे द्यायची. ही कधी मागितली जाईल? कोणाबरोबर मागितली जाईल? आणि गेली तर परत येईल का?

हा तिसरा आकडा घर सोडून जाणाऱ्यांसाठी होता. एखादं कुटुंब महिनाअखेरीला घर सोडायचं, साठच्या साठ पेट्या एकदम मागवायचं, आणि अख्ख्या टॉवरचा अर्धा दिवस तुंबायचा. पण घर सोडणाऱ्यांची एक चाल असते, हे प्रणाली शिकली होती. वर्षानुवर्षं न उघडलेल्या पेट्या एकेक करून मागवल्या जातात आणि हलक्या होऊन परत येतात. पुढच्या मोसमाचं सामान वर काढलं जात नाही. अशी चिन्हं दिसली की प्रणाली त्या पेट्या हळूहळू तळमजल्यावर, ट्रक लागतात त्या दरवाजाजवळच्या रांगेत आणून ठेवायची. ऐन दिवशी लिफ्टला हात लावायची गरजच पडायची नाही.

नवरात्रात हे सगळं सुरू झालं आणि अर्ध्या तासाची वाट चार मिनिटांवर आली. सोसायटीने ऋजुताचा सत्कार केला. शाल दिली, ती ठेवायला घरात जागा नसल्यामुळे लगेच कोठारात गेली.

"चार मिनिटं, आई!" ती फुशारकीने म्हणाली.

"हं," आई म्हणाली. "मागावं लागतंच ना पण."

*

दिवाळीच्या आधी ट्रकच्या दरवाजाजवळचा एक सेन्सर बिघडला. तंत्रज्ञ रजेवर होता म्हणून ऋजुता स्वतः पाहायला गेली. सेन्सर पुसून, तारा हलवून ती उठली, आणि समोरच्या पेटीवर तिला आईचं अक्षर दिसलं.

पेट्यांवर काहीही लिहायला बंदी होती. पण वृंदाबाई बिडवे यांनी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेली; कोऱ्या पेट्या पाहून त्यांना राहवलं नव्हतं. जाड मार्करने, सुरेख वळणदार अक्षरात त्यांनी लिहिलं होतं: 'जलरंग, ब्रश'. शेजारी 'कॅनव्हास लहान'. त्याखाली 'माझ्या साड्या, सुती'. मग 'खलबत्ता, किसण्या'. ऋजुता रांगेतून पुढे पुढे जात राहिली. आईच्या बहुतेक सगळ्या पेट्या तिथे होत्या. बाबांची एकही नव्हती.

तिने हातातल्या स्क्रीनवर क्रमांक टाकून पाहिले. परत येण्याची शक्यता, आईच्या पेट्यांपुढे: अत्यल्प.

असंच तिने एकदा आधी पाहिलं होतं, प्रणालीची चाचणी चालू असताना. 'ई' टॉवरमधल्या खासनीस आजोबांच्या पेट्या अशाच अचानक खाली आल्या होत्या. ते कुठेही जाणार नव्हते. आपली पुस्तकं एकेकाला बोलावून वाटत होते, पेट्या हलक्या होत होत्या. महिन्याभरात आजोबा गेले. प्रणालीला माणसाचं घर सोडणं आणि जग सोडणं यातला फरक कळत नव्हता. पेटी परत येणार नाही, एवढंच ती म्हणायची, आणि ते खरं ठरायचं.

*

संध्याकाळी बाबा खाली कट्ट्यावर गेल्याची खात्री करून ऋजुता वर गेली. आई मेथी निवडत होती.

"आई, तुला बरं नाहीये का?"

"मला काय धाड भरलीय?"

"खरं सांग. डॉक्टरांकडे गेली होतीस? काही निघालंय का?"

आईने मेथीची जुडी खाली ठेवली आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "झालंय काय तुला? रडतेस कशाला?"

ऋजुताने सांगून टाकलं. पेट्या, रांग, शक्यता, खासनीस आजोबा. आई ऐकत गेली तसा तिचा चेहरा आधी मऊ झाला आणि मग कडक.

"म्हणजे मी काय करतेय ते तुझ्या त्या डबड्याला माझ्याआधी कळलं?"

"म्हणजे काहीतरी आहे!"

"मी मरत बिरत नाहीये," आई वैतागून म्हणाली. "मी भोरला जातेय. जायचा विचार करतेय, म्हणून जुन्या पेट्या उपसतेय. आमच्या शाळेतल्या कुलकर्णीबाईंचं घर आहे तिथे, खालचा मजला रिकामा आहे. मागच्या महिन्यात त्यांच्याकडे गेले होते ना, तेव्हा पाहिलं. दोनच खोल्या आहेत. पण भिंतीत कपाटं आहेत, ऋजू. सहा कपाटं."

"कपाटांसाठी तू घर सोडणार?"

"तुला नाही कळायचं. तू लहानपणापासून सगळं मागवतच आलीस." आई हाताला लागलेली माती झटकत उठली. "बाल्कनीत संध्याकाळचा उजेड येतो, तेव्हा एखादा रंग डोळ्यांपुढे येतो. तो तेव्हाच हवा असतो गं. चार मिनिटांनी उजेडही गेलेला असतो आणि माझी इच्छाही. आणि मागवायचं म्हणजे आधी आठवायला हवं ना, काय काय आहे ते! कपाट उघडलं की नको असलेलंपण दिसतं. त्यातूनच काहीतरी सुचतं. चार वर्षांत मी एक चित्र पुरं केलेलं नाही. लक्षात आलंय का कोणाच्या?"

ऋजुताच्या आलं नव्हतं.

"बाबा काय म्हणाले?"

"अजून सांगितलेलं नाही. दिवाळी होऊ दे, मग शांतपणे बोलणार आहे. ते नाही यायचे, मला माहितीये. त्यांना कट्टा हवा, खाली दवाखाना हवा. नाही आले तरी मी जाणार. शनिवार-रविवार येईन." तिने बोट उगारलं. "त्यांना मी सांगेन. तू नाही, आणि तुझं ते कोठारही नाही. कळलं?"

"कळलं," ऋजुता म्हणाली.

*

वसुबारसेच्या दिवशी बाबांचा फोन आला. "वर ये," एवढंच म्हणाले.

सुरेंद्र बिडवे एस. टी.त वाहतूक नियंत्रक होते. आयुष्यभर स्थानकाच्या भोंग्यावर बोलल्यामुळे त्यांना हळू आवाजात बोलताच यायचं नाही. आज मात्र आवाज इतका खाली होता की ऋजुता हातातलं काम टाकून धावत गेली.

बाबा खुर्चीत बसले होते. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हाताला चकलीचं पीठ तसंच.

"सकाळी एकाचा फोन आला," बाबा म्हणाले. "कुठल्याशा घरांच्या एजन्सीतून. फार गोड बोलत होता. 'काका, तुमच्या घरातलं एक माणूस लवकरच शिफ्ट होतंय असं आमच्याकडे दिसतंय. तर तुम्हाला एकट्याला वन रूम किचन पाहायचं असेल तर याच संकुलात आहे.'"

आईने पिठाचा हात पदराला पुसला.

"मी त्याला शिव्या घातल्या. म्हटलं, चुकीचा नंबर लागलाय. मग हिला सांगायला आत गेलो, तर हिचं तोंड पाहिलं." त्यांचा आवाज आता चढला. "मी एकटा राहणार आहे, हे त्या टिनपाट पोराला माहीत. माझ्या बायकोला माहीत. पोरीला माहीत असणार. मला मात्र नाही!"

"अहो, मी सांगणारच होते. भाऊबीज झाली की—"

"तू बोलू नकोस. ऋजू, तू सांग. तुला माहीत होतं?"

"हो."

"शाबास."

"तू सांगितलंस त्या माणसाला?" आईने ऋजुताला विचारलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते रागाचं होतं.

"आई, शपथ, मी कोणालाही सांगितलेलं नाही!"

"मग त्याला काय स्वप्न पडलं?"

उत्तर काय असणार, हे ऋजुताच्या लक्षात यायला लागलं होतं. ती तशीच खाली उतरली आणि कोठाराच्या कार्यालयात गेली.

*

"नावं कुठे दिलीत आपण?" केळुसकर सर शांतपणे म्हणाले. ते तिचे वरिष्ठ. टेबलावर फराळाचं ताट होतं. "फक्त फ्लॅट नंबर आणि शक्यता. वैयक्तिक असं त्यात काहीच नाही."

"सर, फ्लॅट नंबर म्हणजे माणसंच!"

"हे बघ. एजन्सीला आधी कळतं की घर रिकामं होणार, ती आधीच भाडेकरू शोधते, घर एक दिवसही बंद राहत नाही. त्यांचा फायदा, मालकाचा फायदा. करारात लिहिलेलं आहे सगळं, रहिवाशांनी सह्या केल्यात. करंजी घे."

"तो आकडा लिफ्ट तुंबू नये म्हणून आहे. एवढ्याचसाठी मी तो तयार केला."

"आणि उत्तम तयार केलास. म्हणून तर अकरा शहरांत हीच प्रणाली जातेय, आणि ते काम तुझ्याकडे येतंय. आता या घडीला तू कटकट करायचीस का?"

"माझ्या वडिलांना दलालाकडून कळलं, सर. आई जाणार आहे ते."

केळुसकरांनी क्षणभर खाली पाहिलं. "वाईट झालं," ते म्हणाले, आणि खरंच वाईट वाटल्यासारखे दिसले. "पण घरोघरी काही ना काही असतंच. त्यासाठी यंत्रणा बंद नाही ठेवता येत."

ऋजुता बाहेर आली. तो आकडा काढून टाकणं तिच्या हातात होतं. पण तो काढला असता तर महिनाअखेरीचं तुंबणं परत आलं असतं, तीन हजार घरं ओरडली असती, आणि आठवड्याभरात दुसऱ्या कोणाकडून तरी तो परत बसवून घेतला गेला असता. दिवाळीचे चार दिवस ती विचार करत राहिली. घरी जायची सोय नव्हती. आई आणि बाबा एकमेकांशी बोलत नव्हते, दोघंही तिच्यामार्फत बोलत होते. "तुझ्या आईला सांग, माझं उटणं कुठे आहे." "तुझ्या बाबांना सांग, त्यांच्या नाकासमोर." या फेऱ्यांनी ती इतकी वैतागली की शेवटी फोनच बंद ठेवायला लागली.

मग तिने ठरवलं, आणि केलं. दर आठवड्याला प्रणाली चिठ्ठ्या टाकल्यासारखी कुठलीही काही घरं निवडेल, त्या घरांच्या काही पेट्या ट्रकच्या दरवाजाजवळ आणून ठेवेल आणि त्यांच्यापुढेही 'परत येण्याची शक्यता: अत्यल्प' असं लिहील. खरे जाणारे त्या गर्दीत असतीलच, त्यांच्या पेट्या वेळेवर बाहेर पडतील. पण रांगेकडे पाहून किंवा आकडे वाचून खरं कोण आणि खोटं कोण, हे कोणालाही सांगता येणार नाही. किंमत एवढीच की काही पेट्या उगाच हलतील, आणि चार मिनिटांची सहा मिनिटं होतील.

एजन्सीने पाहता पाहता संकुलातल्या शेकडो घरांना फोन केले. नुकतंच स्वयंपाकघर सजवलेल्या लोकांना विचारलं, घर कधी सोडताय? बाळंतपणासाठी आलेल्या मुलीच्या आईला विचारलं, घरातलं माणूस कमी होतंय का? लोकांनी एजन्सीची अशी काही हजेरी घेतली की तिने केळुसकरांना फोन करून करार मोडला.

केळुसकरांनी ऋजुताला बोलावलं तेव्हा टेबलावर ताट नव्हतं.

"हे तू केलंस?"

"हो. ते आकडे बाहेर जाणार नाहीत असं लेखी द्या. उद्या काढते."

"तुला कळतंय का, माझं काय झालंय वर? तुला एका शब्दाने विचारावंसं वाटलं नाही?"

"विचारलं होतं, सर. तुम्ही करंजी दिलीत."

अकरा शहरांचं काम दुसऱ्याकडे गेलं. ऋजुताला 'विस्तार'मध्येच ठेवलं, कारण तिथली प्रणाली तिच्याशिवाय कोणाला हात लावता येत नव्हती. लेखी काही कोणी दिलं नाही, म्हणून तिनेही काही काढलं नाही.

*

आई जाण्याच्या आदल्या आठवड्यात बाबा आपणहून ऋजुताच्या घरी आले. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मग त्यांनी खाकरून विचारलं, "तुझं ते यंत्र माझ्याबद्दल काय म्हणतं?"

"कशाला, बाबा?"

"सांग तर."

ऋजुताने पाहिलं. मुद्दाम मिसळलेले खोटे आकडे बाजूला करून पाहायची सोय फक्त तिच्याकडे होती. "तुमच्या पेट्या सगळ्यात मागे आहेत. तुम्ही इथेच राहणार असं त्याला वाटतं."

"किती खात्री?"

"जवळजवळ पूर्ण."

बाबांनी मान डोलावली. त्यांना आधी बरं वाटलं असावं. मग कपाळावर आठी चढली. "कशावरून?"

"तुम्ही दर आठवड्याला त्याच तीन पेट्या मागवता. त्याच वारी, त्याच क्रमाने."

"म्हणून मी दगड?"

"असं नाही म्हणत ते."

"तेच म्हणतंय." ते उठले, चपला घालताना बराच वेळ खाली वाकून राहिले. "बेचाळीस वर्षं संसार केला. एका यंत्राला विचारत बसलोय मी." आणि चहा न घेताच गेले.

*

जाण्याच्या दिवशी टेम्पो वेळेवर आला. आईच्या पेट्या दरवाजापाशीच होत्या. दोन हमालांनी त्या बघता बघता चढवल्या. लिफ्टला कळलंसुद्धा नाही. ऋजुताने आईला कुशीत घेतलं. आईने वर, चौदाव्या मजल्याकडे एकदा पाहिलं.

"खाली यायला काय झालं होतं यांना," ती म्हणाली. "निदान टाटा तरी."

तेवढ्यात ऋजुताच्या हातातली स्क्रीन लाल झाली. मग तिचा फोन वाजला. मग परत वाजला. कोठाराच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, सगळ्यात मागच्या खणांतून एकाच घराच्या पेट्या एकापाठोपाठ मागितल्या जात होत्या. प्रत्येक पेटीपुढच्या चार हलवाव्या लागत होत्या, लिफ्टसमोर शटलची रांग लागली होती, आणि चारी बाजूंनी 'येत आहे, येत आहे' सुरू झालं होतं. घर क्रमांक तिला वाचावा लागला नाही.

तिने बाबांना फोन लावला. "बाबा, काय करताय?"

"सामान मागवतोय," पलीकडून स्थानकावरचा आवाज आला. "खिडकीतून नको, थेट खाली दरवाजाला पाठव म्हणून बटण दाबलंय. बरोबर ना?"

"बरोबर आहे, पण आज? आत्ता? आधी नाही सांगायचं?"

"आधी सांगितलं असतं तर त्याला कळलं असतं."

ते खाली आले तेव्हा खांद्याला झोळी होती आणि पायांत बूट. तोवर त्यांच्या दोनच पेट्या बाहेर आल्या होत्या. आई टेम्पोच्या फळीवर बसली होती, उठली नाही.

"हे काय आता?" तिने विचारलं.

"मी राहायला येत नाहीये," बाबा म्हणाले. "तुझं सामान लावून द्यायला येतोय."

"माझं सामान लावायला तुमच्या सगळ्या पेट्या कशाला?"

"भोरला थंडी असते."

"म्हणून पुस्तकं, कॅरम आणि घमेलं?"

"वृंदा, येऊ की नको ते सांग."

आईने तोंड फिरवलं. दाराजवळच्या पट्ट्यावर तिसरी पेटी येऊन थांबली. हमाल तिथेच उभा होता, उचलू की नको म्हणून. "सहाच कपाटं आहेत," शेवटी ती म्हणाली. "त्यातलं एक तुम्हाला. त्यात मावेल तेवढंच घ्या, बाकीचं ताबडतोब रद्द करा. सगळं संकुल खोळंबलंय तुमच्यापायी."

बाबांनी फोन काढला आणि एकेक पेटी रद्द करायला लागले. प्रत्येक पेटीपाशी अडायचे. आई खांद्यावरून वाकून पाहायची. "ही नको." "ही लागेल गं." "चार वर्षांत उघडलीत का कधी?" टेम्पोवाल्याने एकदा भोंगा वाजवला. ऋजुताच्या फोनवर 'बी' टॉवरच्या सेक्रेटरींचे लागोपाठ सात फोन येऊन गेले, केळुसकरांचे तीन. तिने एकही उचलला नाही. पुढच्या पेटीची वाट पाहत ती तिथेच पट्ट्याजवळ उभी राहिली.

दुपार कलली तेव्हा कुठे बाबांच्या पेट्या चढल्या. टेम्पोत तिघांची जागा होती. बाबा दाराशी बसले, आई मध्ये.

"ऋजू," बाबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "आता काय म्हणतं ते?"

ऋजुताने स्क्रीनवर नजर टाकली. बाबांच्या पेट्या दरवाजाबाहेर पडल्या होत्या, तरी प्रणाली अजून आपल्या मतावर ठाम होती. परत येण्याची शक्यता: जवळजवळ पूर्ण. तिने स्क्रीन बंद केली.

"काही नाही म्हणत, बाबा. निघा आता."

टेम्पो सुरू झाला. "कात्रजवरून घे," बाबा ड्रायव्हरला सांगायला लागले. "आणि कापूरहोळला आत वळ. त्याच्या आधी कुठेही वळायचं नाही, काय?"

"काका, मी रोज जातो तिकडे."

"अहो, त्याला चालवू द्या की हो," आई म्हणाली, आणि फाटकातून बाहेर पडेपर्यंत तिघांचे आवाज ऋजुताला ऐकू येत राहिले.